आवाज कमी नाही, अंदाज कमी : पार्किन्सन्समधल्या बोलण्याचे आकडे

१९७८ साली शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात जेरी लोगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पार्किन्सन्सच्या २०० रुग्णांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून बारकाईने तपासले. त्यांपैकी ८९ टक्क्यांच्या, म्हणजे १७८ जणांच्या आवाजात दोष सापडला. आवाज बसका, खरखरीत, श्वास मिसळलेला किंवा कापरा होता. उच्चार बिघडलेले त्या मानाने कमी होते, ४५ टक्के. १९९४ मध्ये स्वीडनमध्ये प्रश्न उलट्या बाजूने विचारला गेला. तज्ज्ञांच्या कानांऐवजी थेट रुग्णांनाच विचारले, तेव्हा ७० टक्के म्हणाले की आजार सुरू झाल्यापासून बोलणे बिघडले आहे. त्याच पाहणीत बोलण्यासाठी उपचार घेतलेले रुग्ण निघाले ३ टक्के.

दोन देश, दोन काळ, दोन पद्धती. त्यामुळे ८९ मधून ७० सरळ वजा करणे शास्त्राला धरून होणार नाही. तरी या फरकाची दिशा लक्षात ठेवावी, कारण पुढच्या तीस वर्षांच्या संशोधनाने तीच पक्की केली. ऐकणाऱ्याला जेवढा दोष जाणवतो, तेवढा बोलणाऱ्याला जाणवत नाही. ३ टक्क्यांचे एक कारण सोयींचा अभाव हे आहेच. दुसरे कारण असे की ज्याचा आवाज उतरला, त्यालाच तो उतरल्याचे कळत नाही, मग तो तक्रार कशाची करणार? घरात होते काय, तर आजोबा म्हणतात, ‘तुम्हाला सगळ्यांना कमी ऐकू यायला लागलंय.’ आणि आजींचे कान तपासून येतात.

आजार किती मोठा आहे ते आधी पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ मध्ये जगात पार्किन्सन्सचे ८५ लाखांहून अधिक रुग्ण होते आणि पंचवीस वर्षांत हा आकडा दुप्पट झाला. भारतासाठी २०१६ चा अंदाज सुमारे ५ लाख ८० हजारांचा आहे. त्याला लोगमन यांचे ८९ टक्के लावायला मन धजत नसेल तर स्वीडनचे ७० लावा. तरीही ४ लाख माणसे अशी निघतात, ज्यांना स्वतःलाच बोलणे बिघडल्याचे जाणवत असेल. मुंबईचा या आकडेवारीशी जुना संबंध आहे. डॉ. नादिर भरुचा आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या पारशी वसाहतींमधल्या १४,०१० लोकांची घरोघर पाहणी केली. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ४६ रुग्ण सापडले, म्हणजे लाखामागे ३२८. तेव्हाच्या जगातल्या इतर पाहण्यांच्या तुलनेत हा आकडा फारच वरचा होता. त्याचा बराचसा भाग पारशी समाजातल्या वृद्धांच्या मोठ्या प्रमाणातून येतो, हेही त्याच अभ्यासात वयाचा हिशेब केल्यावर दिसले. आकडा जुना झाला, पण त्याचा रोख जुना झालेला नाही. उरलेला महाराष्ट्रही आता त्याच वयाकडे निघाला आहे.

जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये लिहिलेल्या निबंधात अवघे सहा रुग्ण होते, त्यातले काही तर लंडनच्या रस्त्यावर दिसलेले. बोलण्यातली अडचण त्यांच्या नजरेतून सुटली नव्हती. मात्र बोलण्याचा पद्धतशीर पंचनामा व्हायला १९६९ साल उजाडावे लागले. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डार्ली, ॲरन्सन आणि ब्राउन या तिघांनी मेंदूच्या वेगवेगळ्या आजारांचे २१२ रुग्ण ऐकले आणि प्रत्येकाचे बोलणे ३८ निकषांवर जोखले. पार्किन्सन्सच्या ३२ रुग्णांमध्ये सर्वांत ठळक दिसला तो सुरांचा सपाटपणा. त्याखालोखाल शब्दांवरचा जोर कमी होणे, सगळे एकाच आवाजात येणे, व्यंजने पुसट होणे, नको तिथे थांबणे आणि मध्येच एखादा तुकडा घाईघाईने सुटणे. चेहऱ्यावरचे भावही याच आजारात गोठतात. त्यामुळे ‘छान झालीये हो भाजी’ हे वाक्य मनापासून म्हटलेले असले तरी समोरच्याला ते तुटक वाटते. ऐकणाऱ्यांवर केलेल्या प्रयोगांतही असेच आढळले आहे की पार्किन्सन्सच्या रुग्णाचा नुसता आवाज ऐकून लोक त्याला अलिप्त किंवा निरुत्साही ठरवतात. माणूस तोच असतो, त्याच्याविषयीचे मत बदलते.

हा आवाज मोजला तर किती कमी भरतो? तोंडापासून ३० सेंटिमीटरवर ध्वनिमापक ठेवून सिंथिया फॉक्स आणि लोरेन रॅमिग यांनी १९९७ मध्ये हे मोजले. समवयस्क निरोगी माणसांपेक्षा रुग्ण २ ते ४ डेसिबलने हळू बोलत होते. एवढासा फरक ऐकून कुणीही म्हणेल, मग बिघडले कुठे? पण डेसिबलची पट्टी सरळ बेरजेची नसते. ३ डेसिबल कमी म्हणजे आवाजाची ऊर्जा निम्मी. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल जातात, त्या हिशेबाने ३ डेसिबलचा तोटा म्हणजे एक मीटरवर बसलेला माणूस जवळजवळ दीड मीटरवर जाऊन बसणे. शांत खोलीत हे खपून जाते. स्वयंपाकघरात मिक्सर चालू असेल, डोक्यावर पंखा गरगरत असेल आणि टीव्हीवर मालिका लागलेली असेल, तर मात्र ते खपत नाही. आवाज गोंगाटाच्या पातळीशी आला की एकेका डेसिबलमागे समजणाऱ्या वाक्यांचे प्रमाण १० टक्क्यांहून अधिक घसरू शकते. उंबरठ्यावर उभ्या असलेल्याला एवढा धक्का पुरतो.

आता मेंदूकडे वळू. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. पार्किन्सन्समध्ये ज्यांचा ऱ्हास मुख्यतः होतो त्या मध्यमेंदूतल्या काळपट पट्ट्यातल्या, सबस्टॅन्शिया नायग्रातल्या, डोपामिन बनवणाऱ्या पेशी. त्या दोन्ही बाजू मिळून चार-पाच लाखांच्या घरात. इतक्या थोड्या पेशी गेल्याने एवढा अनर्थ होतो, कारण यांतली एकेक पेशी पुढे दहा लाखांहून अधिक जोडण्या करते असा अंदाज आहे. हाताला पहिला कंप सुटतो तोवर यांपैकी निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात.

या पेशींचे डोपामिन पोहोचते बेसल गँग्लिया नावाच्या केंद्रसमूहात. १९८९-९० मध्ये ॲल्बिन आणि डीलाँग यांच्या गटांनी मांडलेले चित्र आजही पायाभूत मानले जाते. तिथे दोन वाटा आहेत. एक हालचालीला मोकळीक देते, दुसरी आवर घालते. डोपामिन पहिलीला बळ देते आणि दुसरीला सैल करते. ते आटले की आवर घालणारी वाट वरचढ होते आणि हालचाल बंद पडत नाही, लहान होते. अक्षर बारीक होत जाते, पावले आखूड पडतात, चालताना हात हलेनासे होतात. बोलणे हीही एक हालचाल आहे, आणि बहुधा माणूस करतो त्यांतली सर्वांत गुंतागुंतीची. सेकंदाला पाच-सहा अक्षरे उच्चारताना छाती, स्वरयंत्र, टाळू, जीभ, जबडा आणि ओठ यांचे कितीतरी स्नायू एकमेकांशी वेळ जुळवत असतात. त्यातली प्रत्येक हालचाल थोडी थोडी आक्रसली की स्वरतंतू नीट मिटत नाहीत, जीभ टाळूला पुरती टेकत नाही, आणि सगळे बोलणेच आखडल्यासारखे होते.

इथवरचे चित्र स्नायूंना कमी हुकूम मिळतो असे सांगते. तेवढ्यावर भागले असते तर उपायही सोपा होता. पण रुग्णाला नुसते ‘मोठ्याने बोला’ म्हटले की तो बोलतो! अगदी व्यवस्थित, जवळजवळ निरोगी माणसाइतके मोठ्याने. ऑस्ट्रेलियात मेलबर्नमध्ये आयलीन हो, जॉन ब्रॅडशॉ आणि रॉबर्ट इआन्सेक यांनी १९९९ च्या सुमारास या कोड्याचा पाठपुरावा केला. निरोगी माणूस गोंगाटात शिरला की आवाज आपोआप चढवतो, त्याला कुणी सांगावे लागत नाही. रुग्णांमध्ये हे आपोआप चढणे कमी पडले. त्याच रुग्णांना उघड सूचना दिली तेव्हा मात्र आवाज चढला. म्हणजे ताकद शाबूत आहे, स्वरयंत्र शाबूत आहे. मग याच गटाने रुग्णांना स्वतःच्या बोलण्याच्या आवाजाचा अंदाज करायला लावला. रुग्णांनी आपला आवाज होता त्यापेक्षा मोठा सांगितला.

बिघाड आहे तो इथे. तराजूचा काटाच सरकलेला असेल तर दुकानदार प्रामाणिक असूनही माल कमी तोलला जातो. रुग्णाचे तसेच होते. त्याच्या मेंदूतल्या मापाने तो पुरेसे मोठ्याने बोलतोच आहे. त्याला ‘ओरडून बोल’ म्हणणे त्याला अपमानास्पद वाटते, कारण त्याच्या लेखी तो आधीच ओरडत असतो. घराघरांतली निम्मी चिडचिड याच एका गैरसमजातून येते, असे मला वाटते.

विशेष म्हणजे चालण्याबद्दलही मेलबर्नच्या याच परंपरेतल्या संशोधनाने असेच सांगितले होते. आखूड पावले टाकणाऱ्या रुग्णासमोर जमिनीवर पांढऱ्या पट्ट्या आखल्या की तो लांब टांगा टाकत चालतो. बारीक अक्षर काढणाऱ्याला रेघांचा कागद दिला की अक्षर मोठे येते. आपोआप घडणारी गोष्ट बेसल गँग्लियावर अवलंबून असते, जाणीवपूर्वक केलेली गोष्ट मेंदूच्या पृष्ठभागावरच्या दुसऱ्या वाटांनी घडवता येते. बोलण्याचे दुर्दैव एवढेच की ते माणूस आयुष्यभर आपोआप करत आलेला असतो.

मग रुग्णाचे कान स्वतःचा आवाज ऐकतात की नाही? याची चाचणी गमतीशीर आहे. माणसाला हेडफोन लावून ‘आ’ असा सलग स्वर लावायला सांगतात. तो जे गातो तेच त्याला ऐकवतात, पण मध्येच क्षणभर यंत्र त्याचा सूर अर्ध्या स्वराने चढवून कानात सोडते, म्हणजे हार्मोनियमची शेजारची पट्टी लागल्यासारखे. निरोगी माणसाचा गळा काही दशांश सेकंदात, त्याला पत्ता लागण्याआधी, सूर थोडा खाली घेतो. यंत्राने दिलेला धक्का भरून काढायचा त्याचा हा प्रयत्न असतो. पार्किन्सन्सच्या रुग्णांत ही प्रतिक्रिया कमी असेल अशी कुणाचीही अपेक्षा असेल. अनेक प्रयोगांत ती निरोगी माणसांपेक्षा मोठी निघाली.

कोडे सुटायला दुसरा प्रयोग उपयोगी पडतो. यात बदल क्षणभराचा नसतो. माणूस बोलत राहतो आणि त्याच्या कानावर पडणारा स्वर बराच वेळ सतत थोडा बदललेला असतो. निरोगी मेंदू हळूहळू शिकतो आणि बोलण्याचा आराखडाच नव्याने जुळवतो. मॉन्ट्रियलमध्ये फतेमे मोलाई, डग्लस शिलर आणि व्हिन्सेंट ग्रॅको यांनी २०१३ मध्ये दाखवले की पार्किन्सन्सच्या रुग्णांमध्ये हे जुळवून घेणे कमी होते. दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवले की अर्थ लागतो. रुग्णाचे कान बंद नाहीत, उलट आयत्या वेळी ऐकलेल्यावर तो जास्तच विसंबतो. कमी पडते ते चुकीवरून शिकून पुढच्या वेळचा आराखडा सुधारणे. पूर्वनियोजन अशक्त झाले आणि जागच्या जागी डागडुजी वाढली. अशा मेंदूला आवाज हळूहळू, वर्षानुवर्षे उतरत गेला तर तो उतरला असे वाटतच नाही, कारण प्रत्येक दिवशीचे माप आदल्या दिवसाशी जुळते.

हे सगळे बाहेरून केलेले अंदाज. मेंदूच्या आत डोकावायची संधी मिळाली ती शस्त्रक्रियेमुळे. फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे आलिम-लुई बेनाबिद यांच्या चमूने १९८७ मध्ये खोल मेंदूत विद्युत उत्तेजन द्यायला सुरुवात केली आणि १९९३ मध्ये सबथॅलॅमिक केंद्रात, म्हणजे बेसल गँग्लियाच्या आवर घालणाऱ्या वाटेवरच्या एका छोट्या नाक्यावर, तार बसवली. हीच आजची डीबीएस, म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशन. यात रुग्ण बऱ्याचदा जागा असतो, त्यामुळे तार बसवताना संशोधक त्याला अक्षरे वाचायला सांगून त्या केंद्रातल्या पेशींचा आवाज टिपू शकतात. पिट्सबर्गमध्ये मार्क रिचर्डसन यांच्या गटाने असे टिपण करून २०१८ मध्ये प्रसिद्ध केले. काही पेशी बोलण्याच्या तयारीत असतानाच शांत होतात, काही प्रत्यक्ष आवाज सुटल्यावर जोरात होतात. हालचालीचे केंद्र मानलेला हा भाग बोलण्याच्या दोन वेगवेगळ्या टप्प्यांत वेगवेगळी कामे करतो, हे पेशीच्या पातळीवर दिसले.

याच केंद्रावर सेकंदाला साधारण १३० वेळा विजेचे स्पंदन दिले की हातापायांचा ताठरपणा आणि कंप नाट्यमय रीतीने कमी होतो. आवाजाचे काय? लंडनमध्ये एलिना त्रिपोलिती यांच्या गटाने अशी शस्त्रक्रिया झालेल्या ३२ रुग्णांचा वर्षभर मागोवा घेऊन २०११ मध्ये आकडे दिले. त्यांचे बोलणे समजण्याचे प्रमाण औषध न घेतलेल्या अवस्थेत सरासरी १४.२ टक्क्यांनी आणि औषध घेतलेल्या अवस्थेत १६.९ टक्क्यांनी घसरले. नुसत्या औषधांवर असलेल्या तुलनेच्या गटातली घसरण ३.६ आणि ४.५ टक्के होती. इथे सरासरीवर भाळू नये. त्यातला चढउतार सरासरीपेक्षाही मोठा होता, म्हणजे काहींचे बोलणे फार बिघडले आणि काहींचे जवळपास तसेच राहिले. तार नेमकी कुठे बसली आणि किती व्होल्टेज लावले यावर बरेच अवलंबून होते, कारण या केंद्राला खेटूनच बोलण्याचे आणि तोल सांभाळण्याचे तंतू जातात. शस्त्रक्रिया करू नये असा याचा अर्थ मुळीच नाही. पण ऑपरेशनपूर्वीच्या समुपदेशनात चालणे आणि कंप यांवर तासभर बोलणे होते आणि आवाजाला शेवटची पाच मिनिटे मिळतात, असे होऊ नये.

लेव्होडोपाचीही हीच तऱ्हा. १९६७ मध्ये जॉर्ज कोट्झियास यांनी मोठ्या मात्रेत देऊन ज्या औषधाची जादू दाखवली, ते हातापायांना मोकळे करते. बोलण्यावर त्याचा परिणाम कधी थोडा, कधी काहीच नाही. गोळी ‘लागली’ की रुग्ण उठून चालू लागतो आणि तरी फोनवर पलीकडचा ‘हॅलो, हॅलो’ करतच राहतो. बोलण्याच्या जाळ्यात डोपामिनखेरीज इतरही बरेच काही बिघडते, याचा हा रोजचा पुरावा.

काट्याचा बिघाड काटा जुळवूनच दुरुस्त होतो. लोरेन रॅमिग आणि कॅरोलिन मीड यांनी १९८७ मध्ये ॲरिझोनात रचलेली उपचारपद्धती याच तत्त्वावर उभी आहे, मेलबर्नचे प्रयोग होण्याच्या दहा-बारा वर्षे आधी. ली सिल्व्हरमन या पार्किन्सन्सच्या रुग्ण महिलेचे नाव तिला दिले आहे. तिचे बोलणे पुन्हा समजावे, एवढीच तिच्या घरच्यांची इच्छा होती. हिशेब ठरलेला: आठवड्यात ४ दिवस, ४ आठवडे, दर वेळी एक तास, एकूण १६ सत्रे, शिवाय घरचा अभ्यास. जीभ अशी फिरवा, ओठ असे करा, असले काही नाही. सूचना एकच, मोठ्याने बोला.

सत्र पाहिले तर ते फार साधे दिसते. टेबलावर ध्वनिमापक, तोंडापासून ठरलेल्या अंतरावर. रुग्ण खोल श्वास घेऊन ‘आ’ लावतो, आकडा वर जातो, आणि तो लगेच थांबतो. ‘एवढं ओरडायचं?’ असे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेले असते. थेरपिस्ट त्याला त्याचेच ध्वनिमुद्रण ऐकवतो. ऐकल्यावर कळते की जे ओरडणे वाटले, ते चारचौघांसारखे बोलणे आहे. हा क्षण पहिल्या सत्रात एकदा येऊन चालत नाही, तो शेकडो वेळा यावा लागतो, जोपर्यंत ‘मोठे वाटणे’ हेच नवे ‘नेहमीचे’ होत नाही. १६ तास लागतात ते एवढ्यासाठी. आठवड्यातून एकदा अर्धा तास जाऊन हे होत नाही.

हा माझा शेरा झाला, पण त्याला आता भक्कम आकडे आहेत. ब्रिटनमध्ये ३८८ रुग्णांवर झालेली चाचणी २०२४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने तीन गट केले होते. १३० जणांना ही सघन पद्धत, १२९ जणांना तिथल्या सरकारी आरोग्यसेवेची नेहमीची स्पीच थेरपी आणि १२९ जणांना सध्या काहीच नाही. आवाजामुळे रोजच्या जगण्यात किती अडते, हे रुग्णाने ० ते १२० च्या पट्टीवर सांगायचे होते. तीन महिन्यांनी सघन गटाचा त्रास, काहीच न मिळालेल्या गटाच्या तुलनेत, ८ गुणांनी कमी झाला. नेहमीच्या थेरपीच्या गटात आणि काहीच न मिळालेल्या गटात मात्र ठोस फरक दिसला नाही. सघन गटात घसा बसण्याच्या तक्रारी जास्त होत्या, तेवढी किंमत मोजावी लागली.

या चाचणीचा धडा कटू आहे. थोडीशी थेरपी ही चांगल्या थेरपीची छोटी आवृत्ती नसते. ती जवळपास काहीच न केल्यासारखी ठरू शकते. आपल्याकडे बहुतेकांना काहीच मिळत नाही, आणि ज्यांना मिळते त्यांना बहुधा हीच ‘थोडीशी’ मिळते.

मेंदूत काय बदलते, याचे चित्र लहान आहे पण बोलके आहे. मारिओ लिओटी आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये पाच रुग्णांचे थेरपीआधी आणि नंतर पेट स्कॅन केले. आधी तोंडाच्या हालचालीचे पृष्ठभागावरचे भाग गरजेपेक्षा जास्त राबत होते. नंतर तो ताण उतरला आणि उजव्या बाजूच्या बेसल गँग्लियासह इतर भाग कामाला लागले. पाचच रुग्ण, म्हणून यावर इमला उभारू नये.

संशोधनाचा झोत मात्र गेली पंधरा वर्षे दुसऱ्याच बाजूला आहे, आवाजावरून आजार ओळखण्याच्या. पाया खरा आहे. प्राग इथे यान रुस यांनी २०११ मध्ये औषध सुरू न केलेले २३ नवे रुग्ण तपासले, त्यांतल्या ७८ टक्क्यांच्या आवाजात काही ना काही बदल होता. पण इथे आकडे नीट वाचायला हवेत. ऑक्सफर्डमध्ये मॅक्स लिटल यांनी जमवलेला प्रसिद्ध आवाजसंच ३१ माणसांचा आहे. त्यात २३ रुग्ण, आणि एकूण ध्वनिमुद्रणे १९५. त्यांतली १४७ रुग्णांची. एखाद्या यंत्राने काहीही न ऐकता प्रत्येक वेळी ‘रुग्ण’ असे म्हटले, तरी ते ७५ टक्के वेळा बरोबर येईल! शिवाय एकाच माणसाची काही ध्वनिमुद्रणे शिकण्यासाठी आणि काही परीक्षेसाठी वापरली गेली, तर यंत्र आजार ओळखण्याऐवजी माणूसच ओळखते. अशा छोट्या संचांवरून ९९ टक्के अचूकतेच्या बातम्या झाल्या.

मग लिटल यांनीच जगभरातून लोकांना फोनवर ‘आ’ म्हणायला सांगितले. हजारो लोकांनी फोन केले, आणि २०१९ मध्ये सिद्धार्थ अरोरा यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात १,४८३ रुग्णांची आणि त्याहून कितीतरी अधिक निरोगी माणसांची ध्वनिमुद्रणे होती. निकाल असा आला: रुग्णांपैकी ६४.९ टक्के बरोबर ओळखले गेले, निरोगींपैकी ६७.९६ टक्के. ९९ चे ६५ झाले. हा निकाल त्यांनी झाकला नाही, याबद्दल त्यांना दाद दिली पाहिजे.

हे ६५ टक्के आपल्याकडे कसे दिसतील? साठीपुढचे १०,००० लोक घ्या आणि शंभरात एकाला हा आजार आहे असे धरा. १०० रुग्णांपैकी ६५ सापडतील, ३५ सुटतील. उरलेल्या ९,९०० निरोगींपैकी ३,१७२ जणांना फोन सांगेल, तुमच्या आवाजात पार्किन्सन्स आहे. म्हणजे धास्तावून न्यूरॉलॉजिस्टकडे गेलेल्या ३,२३७ जणांपैकी खरे रुग्ण ६५, शंभरात दोन. मोबाइलवर ‘आवाजावरून निदान’ करून देणारे ॲप कुणी पाठवले, तर हा हिशेब त्याला परत पाठवावा.

भाषेचा प्रश्न निराळाच. या संशोधनाचा मोठा भाग इंग्रजी, चेक, स्पॅनिश अशा भाषांवर झाला. सलग ‘आ’ कुठेही सारखाच, पण बोलणे नाही. मराठीत क, ख, ग, घ असे चार आवाज फक्त स्वरतंतूंच्या कंपनाची आणि श्वासाच्या झोताची वेळ बदलून वेगळे होतात. शिवाय ‘म्ह’, ‘न्ह’, ‘ल्ह’ आहेतच. पार्किन्सन्समध्ये नेमकी हीच वेळ साधण्यात गोंधळ होतो. इंग्रजीतले निकष जसेच्या तसे मराठीला लावले, तर दोष कमी तरी दिसेल किंवा भलत्याच ठिकाणी दिसेल. मराठी रुग्णांचे मराठी बोलणे मोजणे हे काम आपल्या भाषाशास्त्राच्या आणि वाक्-उपचाराच्या विभागांनीच करायचे आहे, ते प्रागहून होणार नाही.

तोवर हाताशी काय आहे? मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे वाणी आणि श्रवणाच्या तपासण्या होतात. पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीचे आधारगट आहेत. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात, आणि दोघांनाही तिथे बोलायला जागा मिळते. लांबच्या तालुक्यांसाठी एक आशेचा आकडा ऑस्ट्रेलियातून आला आहे. क्वीन्सलँडमध्ये ३४ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात सिल्व्हरमन पद्धत इंटरनेटवरून दिली, तेव्हा ती समोरासमोर दिल्यापेक्षा कमी ठरली नाही.

घरात शुभार्थी असेल तर आज एक करा. फोन तोंडापासून वीतभर, दर वेळी तेवढ्याच अंतरावर ठेवून त्यांचे दोन मिनिटांचे बोलणे ध्वनिमुद्रित करा, तारीख घाला आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा करा. ते तुकडे पुढच्या तपासणीला घेऊन जा, आणि डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता स्पीच थेरपिस्टसाठी चिठ्ठी मागा. थेरपी आठवड्यातून किती दिवस मिळणार, हेही त्याच वेळी विचारा.